शिफारशीतला तिसरा माणूस

वैतरणेच्या खाडीवरून गाडी पालघरकडे धावू लागली, की दोन्ही अंगांना भातखाचरे दिसू लागतात आणि खाचरांच्या बांधांवर हरळी. आम्ही शेतकऱ्यांची मुले या हरळीला शत्रू मानीतच वाढलो. कुदळीने खणून काढली तरी तिचे एखादे पेर मातीत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा डोके वर काढते. पुढे मोठेपणी मला कळले, की उष्ण प्रदेशांतील गोल्फची मैदाने ज्या ‘बर्म्युडा’ गवताने हिरवीगार दिसतात, ते गवत म्हणजे आपली हरळीच, किंवा तिचा आफ्रिकेतील भावंडाशी संकर करून तयार केलेली एखादी जात. आम्ही जी उपटून फेकली, तीच तेथे पगारी माणसे ठेवून जोपासतात!

ही जोपासना सोपी नाही. चेंडू ज्या खळीत ढकलायचा, तिच्या भोवतालचे गवत अवघ्या तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. इतके आखूड गवत जिवंत ठेवायचे, तर मातीचा निचरा, वाळूचा थर, पाण्याची आणि खताची मात्रा, बुरशीची पहिली खूण, हे सारे जाणावे लागते. आपल्या कोकणात तर चार महिने पाणी साचू द्यायचे नाही आणि आठ महिने कमी पडू द्यायचे नाही. म्हणूनच हे काम हळूहळू शास्त्र बनले. अमेरिकेत १९२६ साली मैदानपालांनी आपली संघटना स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात त्यांच्यासाठी हिवाळी वर्ग सुरू झाला. आपल्याकडे कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८ सालचा, तर चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली उभे राहिले आणि कोकणातल्या मुलांना शेतीची पदवी घराजवळ मिळू लागली.

पण पदवी हाती आली, तरी मैदानाच्या फाटकापर्यंत कोण नेणार? अशा जागा मोजक्याच असतात आणि मोजक्या जागांची बातमी जाहिरातीपेक्षा ओळखीच्या तोंडून लवकर पोहोचते. हे केवळ गोल्फपुरतेच खरे आहे असे नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे बोईसरच्या परिसरात कारखाने आले, आणि ‘तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?’ हा प्रश्न आमच्या घराघरांत ऐकू येऊ लागला. फादरांची चिठ्ठी मिळावी म्हणून मिशनघराच्या ओट्यावर ताटकळणारे बाप आपण सर्वांनीच पाहिले आहेत. कदाचित आपल्यापैकी काही जण त्यांतलेच असतील.

अशीच एक चिठ्ठी माझ्या हातून लिहिली गेली. माझ्या भाच्याने कृषी पदविका घेतली होती. मुंबईच्या एका मैदानावर हिरवळीच्या देखरेखीची जागा रिकामी आहे असे समजले. तेथील एक अधिकारी माझा कॉलेजपासूनचा स्नेही. मी लिहिले, ‘मुलाला मी लहानपणापासून ओळखतो. तो मेहनती आहे.’ यातले पहिले वाक्य खरे होते. दुसरे खरे असावे अशी माझी इच्छा होती. त्याला फावडे हातात धरलेले मी कधी पाहिले नव्हते.

त्याला जागा मिळाली. काही महिन्यांनी मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा एक वयस्क माळी त्याच्याशेजारी उकिडवे बसून गवतावरचा पिवळा डाग दाखवीत होते. हा डाग पाणी कमी पडल्याचा नव्हे, बुरशीचा. आज पाणी बंद ठेवायचे, असे ते समजावीत होते. ते जव्हारकडचे वारली होते आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्या मैदानावर राबत होते. मी कोण हे कळताच हात जोडून म्हणाले, “साहेब, पोरगा गुनी हाय. शिकंल. आमी हाव ना!” मी विचारले, “काका, ही जागा रिकामी झाली तेव्हा तुमचे नाव कोणी सुचवले नाही?” ते हसले. “आमचं नाव कोन सांगनार? आन् औषदाच्या डब्यावरचं आमाला वाचता कुठं येतं?”

परतीच्या गाडीत ते हसू माझ्यासोबत होते. माझ्या चिठ्ठीत मी दोनच माणसे धरली होती, भाचा आणि मी. तिसरा माणूस तेथे आधीपासून उभा होता आणि मला तो दिसला नव्हता.

काही जण म्हणतील, शिफारस मुळातच अन्याय्य आहे; परीक्षा घ्यावी आणि पहिला येईल त्याला जागा द्यावी. मला हे पटत नाही. स्कॉटलंडचा टॉम मॉरिस हा विणकराचा मुलगा. १८५१ साली तो प्रेस्टविकच्या नव्या मैदानाचा राखणदार झाला, तो तेथील एका वजनदार गृहस्थाचा पाठिंबा होता म्हणून. परंतु त्या गृहस्थाला मॉरिसचे कसब ठाऊक होते. हिरवळीवर वाळू पसरून तिला बळ देण्याच्या पद्धतीचे श्रेय आज मॉरिसलाच दिले जाते. संत पौलाचे फिलेमोनला लिहिलेले पत्रदेखील एका अर्थी शिफारसपत्रच आहे. पण ते लिहिले आहे ओनेसिम नावाच्या गुलामासाठी, ज्याच्या बाजूने बोलणारा दुसरा कोणी नव्हता. आणि त्याचे काही देणे निघाले तर ते आपल्या नावावर मांडावे, असे पौल त्यात कळवतो. शब्द टाकणाऱ्याने स्वतःची पत पणाला लावली आहे.

दोष शब्द टाकण्यात नाही. न पाहिलेल्या गुणांची ग्वाही देणे, ही खोटी साक्ष आहे. आपल्या माणसावर प्रेम करणे हे कर्तव्य खरेच. भाच्याला मी माझ्या खिशातले पैसे दिले असते, तर कोणाचे काही गेले नसते. नोकरी मात्र माझी नव्हती. मी औदार्य दाखवले ते दुसऱ्याच्या ताटातले वाढून.

कोणी विचारील, त्या माळीकाकांना वाचता येत नव्हते, मग शिकलेल्या मुलाला जागा मिळाली यात वावगे काय? शिक्षणाचे मोल मी नाकारीत नाही. औषधाची मात्रा चुकली तर सारे मैदान जळते. पण शिक्षणसुद्धा ओळखीच्याच वाटेने येते. कोणत्या शाळेत जावे, कोणता अर्ज कधी भरावा, वसतिगृह कोठे आहे, हे आम्हांला सांगणारे कोणीतरी होते. याच उत्तर कोकणातल्या डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले, ते पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून. गवताची जाण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्या मुलांसाठी चिठ्ठी लिहिणारे हात नव्हते.

आपल्या समाजाजवळ आज असे हात आहेत. शाळांत, कचेऱ्यांत, रुग्णालयांत, परदेशांतही आपली माणसे आहेत. ही ओळख आपण एकट्याने कमावलेली नाही. ती आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ती केवळ नात्यागोत्यात फिरवत ठेवली, तर बांधावरच्या हरळीसारखी ती पसरेल खरी, पण दुसऱ्या कोणाला उगवू देणार नाही.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. चिठ्ठी मागणाऱ्याचे काम आधी डोळ्यांनी पाहायचे, मग लेखणी उचलायची; आणि नात्यातल्या एकासाठी शब्द टाकला, तर ज्याचे कोणी नाही अशा एकासाठी स्वतःहून टाकायचा. हा नियम पाळणे सोपे नाही. बहीण वर्षभर माझ्याशी अबोला धरून होती. पण माळीकाकांच्या नातवाला डोंगराखालच्या वसतिगृहात प्रवेश मिळावा म्हणून मी लिहिलेल्या पत्रात प्रत्येक वाक्य खरे होते. त्या मुलाच्या वह्या मी स्वतः पाहिल्या होत्या.