तपासणीआधीचा दिलासा

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावर राखाडी धुरळा बसला. त्यात सिमेंट होतं, काच होती आणि उत्तर मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर आगीपासून बचावासाठी फवारलेलं ॲस्बेस्टॉसही होतं. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी जाहीर केलं, की इथली हवा श्वास घ्यायला सुरक्षित आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला: असं सरसकट विधान करण्याइतकी माहिती तेव्हा हाती नव्हती. व्हाइट हाउसच्या दबावाने पत्रकांत दिलाशाची वाक्यं आली, सावधगिरीची गेली.

मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते त्यातलं मोजमाप. नमुने घेतले होते, पण मुख्यतः बाहेरच्या हवेचे. माणसं राहणार होती घरांत. तिथे धूळ गालिच्यांत, पडद्यांत मुरली होती आणि प्रत्येक पावलासरशी पुन्हा उडणार होती. संस्थेने घरांची तपासणी-सफाई हाती घेतली ती २००२ मध्ये. तोवर ओल्या फडक्याने पुसून घ्या, असा सल्ला होता. धुळीसाठी एक टक्का ॲस्बेस्टॉसची मर्यादा धरली, तीही आरोग्याची नव्हतीच. कोणत्या मालाला ॲस्बेस्टॉसयुक्त म्हणायचं, एवढंच तिच्यावरून ठरतं.

ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि त्याचा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी प्रकटतो. तोवर दिलासा देणारा खुर्चीवरून कधीच उठलेला असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितलं. पण ॲस्बेस्टॉसचा जुना पत्रा उतरवणाऱ्या नाक्यावरच्या मजुराची नोंद ठेवणार कोण?

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आजही विकले जातात. जुनी चाळ किंवा शेड पाडताना ते वरून फेकून फोडले, राडारोडा कोरड्या झाडूने लोटला, की ती धूळ शेजारच्या घरांत शिरते. अशा वेळी शेजाऱ्यांनी बिल्डरकडे लेखी मागावं: पत्रे भिजवून, अख्खे उतरवा, मजुरांना साधं फडकं नको, तंतू अडवणारे मास्क द्या, आणि काम संपल्यावर आमच्या खिडकीच्या चौकटीवरची धूळ प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल हातात येईपर्यंत ‘काही होत नाही हो’ हे उत्तर कुणाकडूनच घेऊ नये.