बक्षिसाचा दर

कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या बाजूने वाशीम जिल्हा ओलांडणाऱ्या समृद्धी महामार्गावर, ज्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि ज्यावर दुचाकी-तिचाकींना मज्जाव आहे, चालकाविना मोटार हाकणे यंत्राला फारसे जड जाऊ नये. खरी कसोटी आहे ती अकोल्याहून वाशीमवरून हिंगोलीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर. तेथे सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मालमोटारी आणि एस.टी. यांच्या दाटीतून वाट काढावी लागते.

यंत्राला हे शिकवण्याच्या एका पद्धतीत नियमांची पोथी पढवीत नाहीत. आभासी रस्त्यावर मोटार असंख्य वेळा चालवावयाची, प्रत्येक कृतीवर बक्षीस अथवा दंड गुणांच्या रूपाने खतवावयाचा, आणि दीर्घकालीन बेरजेत लाभ देणारे वर्तन तिच्या अंगवळणी पडू द्यावयाचे, असा तिचा शिरस्ता आहे. या विद्येचा पाया घालणाऱ्या अँड्र्यू बार्टो व रिचर्ड सटन यांना 2024 चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्याआधी 2018 मध्ये इंग्लंडातील वेव्ह या कंपनीने खऱ्या मोटारीला एका दिवसात रस्ता धरून चालावयास शिकविले होते. बक्षीस एकच, आत बसलेल्या माणसाने सूत्रे हाती घेईपर्यंत कापलेले अंतर.

आडरस्त्यावर एवढे पुरते. गर्दीत धडकेचा दंड अवाढव्य ठेवला, तर मालमोटारींच्या रांगेत शिरण्यापेक्षा कडेला उभे राहणेच मोटार पसंत करते, आणि तिच्या हिशेबी त्यात काही गैर नसते. उलट वेळेचे बक्षीस वाढविले, तर ती ट्रॉलीच्या पुढ्यात निसटती घुसते, कारण ट्रॉलीवाल्याला कचकन दाबावा लागलेला ब्रेक मुद्दाम नोंदविल्यावाचून तिच्या जमाखर्चात येतच नाही.

पाच मिनिटांसाठी किती धोका पत्करावा, हा सौदा माणूसही करतोच. परंतु भीती, घाई आणि समोरच्याचा मुलाहिजा यांत तो विरून जातो, आणि परवाना देणारा अंमलदारही तो विचारीत नाही. यंत्रापाशी मात्र त्या सौद्याचा आकडा आधी लिहावा लागतो, आणि लिहिणाऱ्याने बहुधा हा रस्ता पाहिलेलाही नसतो. टोलचा दर नाक्यावर फलक लावून जाहीर होतो. ट्रॅक्टरवाल्याचा जीव आणि प्रवाशाची पाच मिनिटे यांचा परस्पर दर एखाद्या कंपनीच्या दप्तरात गुपित ठेवण्यास सरकारने मुभा देऊ नये, आणि तो ठरविताना ट्रॅक्टरवाल्याचेही म्हणणे दाखल करून घ्यावे.