चौथं खातं

सिंदेवाहीकडचं, ताडोब्याच्या बफरला लागून असलेलं गाव. तिथल्या एका घरची आठ एकर शेती. धानाच्या बांध्या, मधे बोडी, कोठ्यात नऊ गुरं, धुऱ्यावर तूर आणि जंगलाच्या अंगाला आज्यानं राखलेलं चाळीसेक झाडांचं सागवान, दोन मोह. थोरला मुलगा बी.कॉम. होऊन गावी आला आणि आल्या आल्या त्यानं वही घातली. धान, गुरं, लाकूड अशी तीन खाती.

वर्षाअखेर हिशेब निघाला. धानात थोडा नफा, गुरांत तोटा, लाकडाच्या खात्यावर शून्य.

"बाबा, गुरं विकू, सागवान तोडू, ट्रॅक्टर घेऊ."

बापानं वही चाळली. "शेण कोन्या खात्यात लिवलं?"

शेण कुठंच नव्हतं. घरचीच तणस मात्र बाजारभावानं गुरांच्या खर्चात पडली होती, आणि त्याच गुरांचं खत बांध्यांत फुकट गेलं होतं. पोरगा हुशार. त्यानं खताची किंमत गुरांच्या जमेत धरली, धानाच्या खर्चात टाकली. गुरांचा तोटा निम्म्यावर आला, धानाचा नफाही उतरला. घरातला पैसा होता तेवढाच राहिला. कोण कोणाच्या जिवावर उभं आहे ते तेवढं दिसलं. शिकलेल्यांच्या हिशेबात ही खोट फार वेळा असते: खाती वेगळी पाडली की जमीनही वेगळी झाली असं वाटायला लागतं.

आश्विनात धान दुधात आलं आणि वाघानं सागवानाच्या कडेला गाय मारली. शेजारी म्हणाला, मढ्यावर औषध टाक, कायमचा निकाल लागेल. पोरगा तापलेलाच होता, तो कोठ्यातला डबा घेऊन निघाला. बाप दारातच आडवा झाला.

"काहून अडवता? गाय गेली ना आपली!"

"गाय गेली, मले दिसते. डुकरं कोण खाते मंग? तू?"

मढं कोणी हलवू नये असं बापानं बजावलं. हलवलं तर उपाशी वाघ दुसरं जनावर मारतो, आणि विष घातलं तर कोल्ह्या-कुत्र्यांपासून गिधाडापर्यंत जे तोंड लावील ते मरतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा. सकाळीच वनरक्षकाला कळवलं, पंचनामा झाला. वाघ रात्री येऊन शिकार खात राहिला. तो त्या अंगाला होता तोवर यांच्या बांधीत डुकराचा खूर उमटला नाही. पलीकडच्या शिवारात मात्र रात्रभर जागल करूनही दोन बांध्या उलथल्या गेल्या.

म्हणून वाघ काही शेतकऱ्याचा चाकर नव्हे. या जिल्ह्यात त्यानं माणसंही मारली आहेत, त्यात पहाटे वाकून मोहफुलं वेचणारीही आहेत. बाप ते विसरला नव्हता. गाय गेली त्या दिवसापासून गुरं दिवस मावळायच्या आत कोठ्यात आणि मोहाखाली एकट्यानं कोणी जायचं नाही, असा त्या घरचा नियम झाला.

नुकसानभरपाई बँकेत जमा झाली तेव्हा पोरानं विचारलं, "हे कुठं लिहू?"

"नवं खातं पाड."

पोरानं चौथं खातं पाडलं, वर लिहिलं: जंगल. नावे गाय आणि जागलीच्या रात्री. जमेला भरपाई, मोहफुलं आणि शाबूत राहिलेलं धान. बेरीज जेमतेम जमेकडं झुकली, फार नाही.

उन्हाळ्यात त्यानं सागवान तोडायच्या परवानगीचा अर्ज केला, कारण मालकीचं झाड असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं ती लागतेच. अर्जात झाडं सहाच होती, सगळी पिकलेली. खुंट जमिनीलगत, साफ कापायला सांगितले, म्हणजे फुटवे जोमानं येतात. लाकडाच्या पैशातून कोठ्याचं छप्पर झालं, भरपाईतून एक गाय आली. ट्रॅक्टर अजून भाड्यानंच येतो.