मोडणे की घडविणे?

तरुण घोड्यावर प्रथमच खोगीर चढवून त्याला स्वारीसाठी तयार करणे, याला इंग्रजीत जुना शब्द आहे; त्याचा सरळ अर्थ ‘मोडणे’. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराखी एके काळी तसेच करीत. घोड्याला दोरखंडाने जखडायचे, खोगीर आवळायचे आणि तो उसळून उसळून थकेपर्यंत पाठीवरून उतरायचे नाही. काम लवकर उरके. आपण यालाच ‘वठणीवर आणणे’ म्हणतो.

बंधुभगिनींनो, वठणीवर आलेला तो घोडा शिकला, की त्याने फक्त आशा सोडली?

हिंस्र श्वापदे घोड्याच्या पाठीवर झेप घेतात. म्हणून पाठीवरचे ओझे म्हणजे मरण, ही भीती त्याच्या रक्तातच आहे. तो उसळतो तो माजाने नव्हे, भीतीने. भीतीला मारून भीती जात नाही. ती आत दडते आणि भलत्या वेळी बाहेर पडते.

त्याच अमेरिकेत टॉम डोरन्स (१९१०-२००३) व त्यांचे शिष्य रे हंट (१९२९-२००९) यांनी वेगळी वाट दाखविली. आधी माणसाच्या हाताची सवय, मग खोगिराची, शेवटी स्वाराची. लगाम हलकेच ओढायचा आणि घोड्याने मान जराशी वळवली की त्याच क्षणी सैल सोडायचा. घोडा ओढण्याने नव्हे, सोडण्याने शिकतो.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर घोड्याचे शिक्षण तो सुमारे ४ वर्षांचा झाल्यावर सुरू होते व पूर्ण होण्यास साधारण ६ वर्षे लागतात. तेथे नवशिक्या स्वारालाही आधी मुरलेल्या घोड्यावर, लगाम व रिकिबीविना बसवितात. शिकविणाऱ्यालाही शिकावे लागते!

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे? ज्याचे पोट घोड्यावर चालते त्याची ही अडचण खोटी नाही. पण आज वाचविलेला वेळ उद्या कोणीतरी भरून देतोच. बहुधा तो घोडाच.

आणखी एक शंका उरते. घोड्याने स्वार मागितला नव्हता. मग हा धीर म्हणजे गोडीगुलाबीने काम काढून घेणेच नव्हे काय? याची कसोटी सोपी आहे. घोडा आज तयार नसेल, तर खोगीर उतरवून उद्या पुन्हा यायची आपली तयारी आहे का? असेल तर तो धीर. नसेल तर ती नुसती युक्ती.

घरात मूल गप्प बसले, कामावरचा पोऱ्या मान खाली घालून राबू लागला, की आपल्याला समाधान वाटते. त्यांना पटले आहे, की ते थकले आहेत? ज्याच्या हाती लगाम आहे, त्यानेच हे विचारायला हवे. कारण थकलेला स्वतःहून सांगत नाही.