अंगणातली पत्रावळ

पडझड झालेल्या वाड्याची डागडुजी करून तिथे झुणका-भाकर, ठेचा, वांग्याचे भरीत वाढण्याची रीत महाराष्ट्रात आता रुळली आहे. सिंदखेडच्या जाधवांशी नाते सांगणाऱ्या कुळातले पिलाजी जाधवराव यांची सासवडजवळची १७१० मधली गढी आज हॉटेल आहे. अशा ठिकाणी येणारा कोणीही माणूस आतल्या चौकापर्यंत जाऊन जेवतो. वाडा नांदता होता तेव्हा माजघरात कोण, ओटीवर कोण आणि वेशीपलीकडे कोण, हे जातीने ठरलेले असे. जेवणाचे पावित्र्य जागेत असते, अन्नात असते की जेवणाऱ्यात, हा जुना धर्मप्रश्न त्यातूनच येतो.

सोवळ्याओवळ्याचा आचार पाहिला तर पावित्र्य जागेला कायमचे चिकटलेले नसते. जमीन सारवायची, पाट मांडायचे, पानाभोवती पाणी फिरवायचे, जेवण झाले की उष्टे-खरकटे काढून शेणगोळा फिरवायचा. चौका, म्हणजे जेवणाची ही आखलेली जागा, दर जेवणाला नव्याने शुद्ध करावा लागे. म्हणजे शुद्धी भिंतीत नव्हती, ती कृतीत होती. तरीही काही माणसांना कोणत्याच कृतीने चौक्यात जागा मिळाली नाही, आणि या आचारातली खरी विसंगती हीच आहे. उलट तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्न हेच ब्रह्म असे जाणण्यापासून सुरुवात होते. पुढे व्रते येतात: अन्नाची निंदा करू नये, अन्न वाढवावे, आणि निवाऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. अन्न आणि घर यांचा विचार तिथे एकत्र केलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्याशी जोडलेल्या या प्रश्नाच्या दोन कथा आहेत. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या अभंगांत उष्ट्यासाठी पाटी घेऊन दाराशी आलेला माणूस दिसतो. आख्यायिका मात्र विठ्ठलालाच त्यांच्या पंगतीला बसवते: वाढताना त्यांच्या पत्नी सोयराबाईंच्या हातून दही सांडते, आणि ते देवाच्या पीतांबरावर पडते.

दुसरी कथा शेगावची. २३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराजांचा प्रकटदिन. त्या दिवशी देविदास पातूरकरांकडे मुलाच्या ऋतुशांतीचे जेवण होते, आणि बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल आणि दामोदरपंत या गावकऱ्यांना दिसला. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात बंकटलालचा तर्क फार मोलाचा आहे. हा नुसता भुकेला असता तर आत जाऊन मागता, आणि पातूरकर सज्जन, त्यांनी त्याला विन्मुख पाठवले नसते. मग भरले पान आणले गेले. महाराजांनी गोडधोड, तिखट सारे एकत्र कालवून खाल्ले आणि गुराढोरांसाठी भरलेल्या पाण्यावर जाऊन तहान भागवली. गढूळ आणि निर्मळ हा भेद ब्रह्माला नाही, असे ते म्हणाले. जागा रस्त्याची, अन्न उष्टे, जेवणाऱ्याची जात अज्ञात. शुद्धीच्या तिन्ही अटी एकाच वेळी मोडल्या.

या दोन कथा एकच म्हणून सांगणे अन्यायाचे ठरेल. शेगावचे उष्टे निवडलेले होते, म्हणून त्यात विरक्ती दिसते. चोखोबांचे उष्टे लादलेले होते. ज्याला आत जाण्याची वाट मोकळी आहे त्याने अंगणात जेवणे हे अद्वैत असू शकते. ज्याला ती वाट बंद आहे त्याच्या वाट्याच्या शिळ्या तुकड्याला तेच नाव देता येत नाही. भेद मिथ्या आहे असे म्हणणाऱ्याला आधी दार उघडावे लागते. म्हणूनच पंक्तिभेदावरचा उपाय ग्रंथार्थापेक्षा पंगतीत शोधला गेला. समाजसुधारक अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केला: पूजेचा मान दलित दांपत्याला, प्रसाद झुणका-भाकरीचा, आणि जेवणारे सगळे एकत्र.

शेगावात आज महाप्रसादाला बसणाऱ्याची जात विचारली जात नाही. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीची महापंगत उघड्या मैदानात बसते. तिथे माजघर नाही, ओटी नाही, आतले-बाहेरचे ठरवणारा उंबरठाही नाही. डागडुजी केलेल्या वाड्यात तो उंबरठा जपलेला असतो, आणि तो जपावाच. फक्त जोते, तुळया, कोनाडे यांची माहिती पाहुण्यांना देताना पूर्वी कोणाची पत्रावळ कुठे मांडली जाई, तेही त्याच जागी सांगितले पाहिजे. नाहीतर आज चौकात बसलेल्या माणसाला, आपण बसलो आहोत ती जागा कोणाला कधीच मिळाली नव्हती, हे कळणार नाही.