वळ कोणाच्या पाठीवर

'इंटरनेट: शाप की वरदान' हा विषय शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांतून वर्षानुवर्षं हटलेला नाही. माझी सगळी नोकरी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या शाळांत झाली, आणि निवृत्त झाल्यावरही घोडेगाव-मंचरकडे मला परीक्षक म्हणून बोलावतात. मुलं तयारीने बोलतात. आधी फायदे, मग तोटे, शेवटी 'वापर कसा करायचा ते आपल्या हातात आहे' हे वाक्य आणि टाळ्या. त्या टाळ्या मला अस्वस्थ करतात. एका पारड्यात भलं, दुसऱ्यात बुरं, आणि जे पारडं खाली गेलं तोच निकाल, असा हिशेब मुलांना आम्हीच शिकवतो. हा हिशेब धर्माला धरून आहे का, हे मला विचारायचं आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते इंटरनेटवर राग धरून दिलेलं नाही.

भल्याच्या बाजूने मी हवं तितकं बोलेन, कारण माळीण आमच्याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून गाव गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या एका चालकामुळे. तो रोजच्यासारखा गाडी घेऊन निघाला होता, आणि जिथे गाव दिसायचं तिथे त्याला नुसता चिखल दिसला. एसटीची फेरी होती म्हणून जगाला कळलं. पुढे १९ जुलै २०२३ ला रायगडात ईर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा खबर त्याच रात्री खाली पोचली आणि भर पावसात, अंधारात लोक मदतीला डोंगर चढून गेले. तिथेही कितीतरी जीव गेले, पण काही माणसं जिवंत बाहेर निघाली. डोंगरकुशीत राहणाऱ्याला हाक मारण्याची सोय असणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

आणि हे फक्त संकटाचं झालं. आहुपे, तिरपाडकडच्या महादेव कोळी घरांना रोख पैसा मिळतो तो मुख्यतः बाळहिरड्याचा. व्यापारी दारात येऊन सांगेल तो भाव घ्यायचा, ही तिथली जुनी रीत. आता शिकलेली मुलगी दोन फोन करते आणि बापाला सांगते, अजून आठ दिवस थांबा. सातबारा काढायला तालुक्याला दिवस मोडायचा, तो आता घरबसल्या दिसतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची पोरं रेंजसाठी डोंगराच्या सोंडेवर चढून बसायची, दगडाखाली वही दाबून. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. शिकायचं होतं म्हणून चढायची. माझ्या सासूबाई शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. आयुष्यभर ज्यांनी सप्त्यातलं एक कीर्तन चुकवलं नाही, त्यांच्या उशाशी नातू फोन ठेवायचा आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. टाळ वाजले की बोटं हलायची. या सगळ्याला कमी लेखणाऱ्याशी माझं जमणार नाही.

आता दुसरी गोष्ट. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत फोनोफोनी फिरत होते. पाहुण्या माणसांवर संशय गेला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. मारताना काहींनी फोनवर चित्रण केलं, आणि तेही पुढे फिरलं.

डवरी गोसावी आमच्या दारातही येतात. माझ्या लहानपणी आईने त्यांना कधी रिकामं पाठवलं नाही. आणि नाथपंथ काही परका नाही; ज्ञानोबांचे थोरले भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ त्याच परंपरेतले. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांना लोकांनी भिक्षा नाकारली, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. त्यांच्याच वाटेच्या माणसांना आपल्या काळात, आपल्या महाराष्ट्रात, भिक्षेच्या झोळीसकट ठार मारलं गेलं.

आता तराजू आणा. एका पारड्यात हिरड्याचा भाव, सातबारा, ईर्शाळवाडीहून रातोरात पोचलेली खबर, सासूबाईंची हलणारी बोटं. दुसऱ्यात राईनपाड्याचे पाच मृतदेह. कुठलं पारडं जड, असं विचारायलाच माझी जीभ रेटत नाही. भलं झालं ते आमचं. मरण आलं ते त्यांचं. माझ्या फायद्यातून त्यांच्या मरणाची वजाबाकी करण्याचा अधिकार मला कुणी दिला?

व्यापारात नफा-तोटा एकाच वहीत येतो, कारण दुकान एकाचं असतं. कर्माचं तसं नाही, असं आपली परंपरा सांगत आली आहे. पुण्याचं फळ वेगळं, पापाचं वेगळं. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही, दोन्ही भोगावी लागतात. याचं सर्वांत मोठं उदाहरण धर्मराज. जन्मभर सत्याने वागला. एकदाच, द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचं अर्धवट खरं सांगितलं. मेला होता तो त्या नावाचा हत्ती. महाभारताच्या शेवटच्या पर्वात त्याला थोडा वेळ का होईना नरक पाहावा लागतो, तो त्या एका वाक्यासाठी. इतक्या पुण्यातून तेवढं वळतं करून घ्या, असं इंद्र म्हणत नाही.

त्या प्रसंगात मला आणखी एक गोष्ट दिसते. द्रोणांनी इतरांचं ऐकून विश्वास ठेवला नव्हता. धर्मराजाने सांगितलं, तो खोटं बोलणार नाही, म्हणून त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. अफवेचंही असंच असतं. ती परक्याकडून आली तर आपण झटकून टाकतो. ती मेव्हण्याकडून येते, भजनी मंडळातल्या ताईकडून येते, गुरुजींकडून येते. त्या माणसाने जन्मभर जमवलेला भरवसा तिच्या पाठीशी असतो, म्हणून ती चालते. हा भरवसा पुण्याईने मिळतो आणि एका बोटाने खर्च होतो. कायिक, वाचिक, मानसिक असे कर्माचे तीन भाग आपण मानतो. न वाचता पुढे ढकललेला संदेश वाचेत येतो, आणि 'मी लिहिलं नव्हतं' म्हणून तो माझ्या खात्यावरून उतरत नाही.

माझा भाचा आळेफाट्याला कांद्याच्या आडतीवर आहे. तो म्हणतो, "आत्या, असं म्हणून राज्य चालत नाही. मनोरा कुठे उभा करायचा, दंगलीच्या वेळी नेट बंद करायचं की नाही, हे कुणीतरी तोलूनच ठरवणार." त्याचं खरं आहे. २०१८ मध्ये त्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, तीही कुणीतरी तोलूनच. सरकारने, कंपन्यांनी तोलावं. तो त्यांचा धर्म. पण तो तराजू घरात आणून त्यावर स्वतःचं मन मोकळं करून घेऊ नये. तोलण्याऐवजी काय करायचं, याचं उदाहरण जवळच आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ताटल्यांची मोठी दुर्बीण आहे. दूरवर पसरलेल्या अशा तीस ताटल्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकतात. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली होती. आता मोबाइलच्या लहरींनी त्या कानांना त्रास होतो, आणि तिथे टिपलेलं जगभरच्या अभ्यासकांना मिळतं तेही इंटरनेटवरूनच. उपयोग आहे म्हणून गोंगाट कमी होत नाही. तिथले लोक गोंगाट हा गोंगाट म्हणून मोजतात, तो कुठून येतो ते शोधतात आणि त्याचा बंदोबस्त करतात. मला ही पद्धत पटते.

माझं माहेर आळ्याचं. तिथे रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा पुढे त्यांच्याबरोबर निघाला आणि आमच्या गावी त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. लोक वेद बोलल्याचा चमत्कार सांगतात. त्या कथेचा दुसरा भाग माझी आजी जास्त सांगायची: पखालवाल्याने रेड्याला आसूड मारले आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उमटले. ज्यांना ज्ञान चार लोकांपुरतं ठेवायचं होतं त्यांच्यापुढे रेडा बोलला, हे मोठंच. आज तिरपाडच्या मुलीला जगातलं कुठलंही पुस्तक उघडता येतं, त्या अर्थाने तो चमत्कार आपण रोज पाहतो. पण आधी वळ उमटले होते, मग वाणी आली. आपल्याला वाणी मिळाली, सगळ्या जगावरचे आसूडही दिसू लागले. राईनपाड्यात कुणी हात वर करून चित्रण करत उभा होता. त्याच्यासमोर आसूड उठत होता आणि त्याच्या पाठीवर काही उमटत नव्हतं. इंटरनेटबद्दलचा माझा खरा धार्मिक प्रश्न हा आहे, आणि तो यंत्राला विचारून सुटणार नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, शिवनेरीवर, लेण्याद्रीला, मानमोडीला जी बौद्ध लेणी आहेत त्यांतले शिलालेख वाचून दाखवणारे एक जाणकार मला भेटले होते. बहुतेक लेख दानाचे. अमक्या गावच्या अमक्याने ही पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दिली, हे लेणं दिलं. काही दाते तर यवन आहेत, परदेशी वंशाचे. त्यांचीही नावं खोदलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचं एक टाकं द्यायचं तरी माणूस स्वतःचं नाव, गाव दगडात लिहून द्यायचा. जे दिलं त्याला तो बांधील राहायचा. आपण रोज कितीतरी गोष्टी दहाजणांना देतो आणि देणारा कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे सध्या याचा संबंध थेट जीवाशी येतो. उसात बिबट्या आहे. लहान मुलं गेली आहेत, म्हातारी माणसं गेली आहेत. अशात २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात बिबट्याची यंत्राने बनवलेली खोटी चित्रं फिरली आणि वनखात्याला त्यांच्यामागे धावावं लागलं. खोटा बिबट्या दोनदा पाहिलेला माणूस तिसऱ्यांदा खऱ्या बिबट्याला भीत नाही, मला याची धास्ती वाटते. म्हणून आमच्या हरिपाठाच्या बायकांच्या गटात आम्ही एक रीत घातली. कुठलीही खबर टाकायची तर कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, केव्हा पाहिलं, आणि खाली स्वतःचं नाव. 'आलेलं आहे' म्हणून काही चालणार नाही.

पहिल्याच आठवड्यात एका सूनबाईने विचारलं, "मावशी, खात्री करेपर्यंत माझं पोर अंगणातून उचललं तर?" तिचा प्रश्न योग्य होता, आणि आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. ठरलं ते असं: तितकी घाई असेल तर लिहायचं नाही, सरळ फोन लावायचा. शेजारणीला, वनरक्षकाला, वस्तीवरच्या चारजणांना, आपल्या आवाजात, आपण कोण ते सांगून. आणि तरस निघालं किंवा कुत्रं निघालं, तर दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांना पुन्हा फोन करून तेही सांगायचं. पहिला असा फोन तिनेच केला. बिबट्या होता की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्या संध्याकाळी वस्तीवरची सगळी पोरं आत घेतली गेली. सकाळी तिने पुन्हा सगळ्यांना फोन लावला आणि ठसे सापडले नाहीत म्हणून सांगितलं.