छायाचित्रांतील मुंगी

मुंगीचें छायाचित्र खोटें असूं शकतें काय? यंत्र समोर असेल तेंच टिपतें, आणि मुंगीला अब्रूनुकसानीचा दावा लावतां येत नाहीं. तेव्हां हा प्रश्न कोणास क्षुद्रही वाटेल. परंतु अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या वाड्यांतून कॅमेरा हातांत घेऊन, झाडाशीं नाक लावून उभे असणारे हौशी लोक आतां दिसूं लागले आहेत, आणि त्यांचीं चित्रें पाहतां आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

त्यांच्या विशेष आवडीची मुंगी म्हणजे आंब्यावरची तांबडी ओंबील. तिची गृहरचना खरोखरच पाहण्याजोगी आहे. कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून सांखळी करतात व दोन पानें जवळ ओढतात. मग दुसऱ्या कांहीं मुंग्या जबड्यांत अळी धरून, विणकर धोटा फिरवितो त्याप्रमाणें ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेतात. अळीच्या तोंडांतून निघणाऱ्या रेशमानें पानें सांधलीं जातात. प्रौढ ओंबिलीस रेशीम काढतां येत नाहीं. घर सांधतें तें तान्हें मूल!

हातांत धरलेल्या कॅमेऱ्यानें हें टिपणें कठीण. एवढ्या जवळून स्पष्ट दिसणारा थर जेमतेम मिलिमीटरभर. श्वासानेंही चित्र बिघडतें. म्हणून कोणी मुंगीला फ्रिजमध्यें गारठवून मग पानावर मांडतो. कोणी घरट्यावर टिचकी मारतो. तत्काळ मुंग्या बाहेर धांवतात, जबडे पसरतात, पोट वर उचलतात, आणि चित्राखालीं शब्द येतात, ‘संतप्त योद्धा’.

येथें दयेचा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. जें घर सकाळीं मुंग्यांना साखर घालतें, तेंच दुपारीं ओट्यावर विषारी खडूची रेघ ओढतें. आमचा आक्षेप साक्षीविषयीं आहे. ‘मुंगी अशी वागते’ असें छायाचित्र शपथेवर सांगत असतें. गारठलेली मुंगी वागतच नाहीं. आणि टिचकीनें उठलेला राग मुंगीचा खरा, पण त्याचें कारण चौकटीबाहेर राहतें. सांखळीच्या चित्राखालीं ‘एकीचें बळ’ लिहिणारा स्तुति करतो इतकेंच. मुंगीच्या तोंडीं स्वतःचें वाक्य तोही घालतोच.

शास्त्रज्ञही मुंग्यांना डिवचतात, असें कोणी म्हणेल. डिवचतात, पण तसें लिहून ठेवतात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत रॉटन या वनाधिकाऱ्यानें ‘आमच्या मुंग्या’ या अर्थाच्या मथळ्याची लेखमाला 1892 सालीं सुरू केली. त्याचें साधन वाक्य. वाक्यांत ‘मीं काठी घातली’ असें म्हणतां येतें. छायाचित्रांत त्याला जागा नाहीं, खालच्या ओळींत मात्र आहे. टिचकी मारणें आम्ही फारसें मनावर घेत नाहीं. ती लपविणें घेतों.

आणि न डिवचतां उभें राहणाऱ्याच्या पदरीं कांहीं कमी पडतें असेंही नाहीं. ओंबिलींच्या आसपास कधीं कधीं हुबेहूब त्यांच्यासारखाच एक प्राणी हिंडत असतो. चित्र मोठें करून पाय मोजावे, तर ते आठ भरतात; पुढचे दोन मिशांसारखे वर धरलेले असतात. तो कोळी असतो.